विद्यापीठातून उद्योजकता शिकताना : अभ्यासक्रम पारखायचा कसा, वापरायचा कसा

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

धंदा वर्गात शिकवता येतो का, हा वाद या धाग्यात नको. प्रवेश घ्यायचं ठरलं आहे किंवा अभ्यासक्रम सुरूही झाला आहे, अशा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल असं नेमकं काही इथे जमवू या. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात माझ्याकडून. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गुणांची विभागणी मागून घ्या. गुण जिकडे असतात तिकडेच विद्यार्थ्याचा वेळ जातो. शेवटच्या सादरीकरणाला ५०-६० टक्के गुण असतील, तर अखेरचे तीन आठवडे स्लाइड घासूनपुसून चकचकीत करण्यात जाणार हे धरून चाला. ग्राहकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी, केलेल्या चाचण्या आणि त्यामुळे बदललेले निर्णय यांना निम्म्याहून जास्त गुण असतील, तर तो अभ्यासक्रम तुम्हाला खोलीबाहेर काढेल. एक प्रश्न आवर्जून विचारा : "मधेच कल्पना सोडून दिली तर गुण कापले जातात का?" उत्तर देताना चाचपडायला लागले, तर तिथे चुकीच्या कल्पनेला सत्र संपेपर्यंत चिकटून राहावं लागतं. आणि शिकायचं असतं ते नेमकं सोडायचं कधी हेच.

विद्यापीठात हा विषय नवा नाही. हार्वर्डमध्ये मायल्स मेस यांनी १९४७ साली नवीन उद्योगांच्या व्यवस्थापनावर वर्ग सुरू केला, तेव्हा १८८ विद्यार्थी बसले होते. पुढची कित्येक दशकं बहुतेक ठिकाणी गाडी 'बिझनेस प्लॅन लिहा' इथेच अडकून राहिली. आता ठळक असे चार ढंग दिसतात. अमेरिकेतल्या बॅबसन कॉलेजात पहिल्या वर्षाचे गट कॉलेजकडून भांडवल उसनं घेऊन खरा व्यवसाय चालवतात आणि वर्षाअखेरीस तो बंदही करतात. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या वर्गात सगळा भर ग्राहकांच्या मुलाखतींवर असतो. फिनलंडमध्ये युवास्क्युला इथे १९९३ पासून विद्यार्थी गटागटाने सहकारी कंपनी स्थापतात, आणि शिक्षकाच्या जागी कोच असतो. स्वीडनमध्ये गोटेबोर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात १९९७ पासूनचा ढंग आणखी वेगळा आहे : कल्पना संशोधकाची, ती बाजारात नेण्याचं काम विद्यार्थ्यांच्या गटाचं.

तुमचा अभ्यासक्रम यातल्या कुणाच्या जवळचा आहे ते आधी ओळखा. बॅबसनच्या पद्धतीत 'बंद करणं' अभ्यासक्रमातच आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. उरलेला माल काढणं, देणी फेडणं, येणी वसूल करणं आणि वह्या मिटवणं हे बहुतेक ठिकाणी कुणी शिकवतच नाही.

प्रश्नचिन्ह

धागा छान. मुलाखतींबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

ब्लँक यांची पद्धत अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्येच आय-कॉर्प्स या कार्यक्रमासाठी उचलली. तिथे गट तिघांचा : कंपनी उभारू पाहणारा, मूळ संशोधन करणारा आणि बाहेरचा मार्गदर्शक. सात आठवड्यांत साधारण १०० मुलाखती, म्हणजे आठवड्याला १४-१५. आकडा ऐकून लोक दचकतात, पण त्यामागे हिशोब आहे. पहिल्या दहा-पंधरा मुलाखती प्रश्न नीट करण्यातच जातात, आणि पुढच्या दहा-वीस भलत्याच माणसांशी झाल्या हे नंतर कळतं.

उदाहरण घेऊ. प्रयोगशाळेतल्या शीतकपाटाचं तापमान सतत मोजून बिघाड झाल्यावर फोनवर कळवणारं यंत्र. गट संशोधक विद्यार्थ्यांना विचारतो, "असं यंत्र असेल तर आवडेल का?" सगळे हो म्हणतात. त्या होकाराला काही किंमत नाही. हो म्हणायला कुणालाच काही पडत नाही, आणि नाही म्हणून समोरच्याचं मन मोडायचं जिवावर येतं. विचारायचं ते घडून गेलेल्याबद्दल :

"शीतकपाट शेवटचं कधी बंद पडलं? कळलं कसं, आणि किती तासांनी? काय काय वाया गेलं? ते भरून काढायला किती दिवस लागले? त्यानंतर तुम्ही काय बदललं?"

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "काही नाही, दारावर तापमान लिहायचा तक्ता लावला," असं उत्तर आलं, तर तो तक्ता हाच तुमचा प्रतिस्पर्धी आहे, आणि तो जवळपास फुकट आहे. "दोन यंत्रं मागवून बघितली, एक अजून चालू आहे," असं आलं, तर इथे खर्च करायची तयारी आहे हे दिसलं. ते यंत्र कुठलं, दुसरं का काढून टाकलं, हे खोदून विचारा.

वापरणारा, ठरवणारा आणि पैसे देणारा हे तिघे वेगळे असू शकतात. इथे संशोधक विद्यार्थी वापरणार, प्रयोगशाळेचा प्रमुख ठरवणार आणि बिल खरेदी विभाग देणार. शंभरातल्या नव्वद मुलाखती पहिल्या प्रकारच्या झाल्या, तर वही भरते पण विक्री कशी होणार ते कळत नाही.

मुलाखतीला दोघांनी जावं : एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. तासाभराच्या आत टिपण पूर्ण करा, नाहीतर समोरच्याच्या शब्दांच्या जागी तुमचे शब्द येतात. टिपणात तारीख, त्या व्यक्तीचं काम, शेवटचा प्रसंग, सध्याचा तोडगा आणि त्याचा खर्च, आणि दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी. शेवटी एक रकाना : 'पुढे काय द्यायला तयार झाले?' वेळ, कुणाची तरी ओळख, चाचणीसाठी जागा, की आगाऊ रक्कम. हा रकाना सलग रिकामा राहत असेल, तर वरच्या गोड बोलण्याचं काही खरं नाही.

आठवड्याला दहा मुलाखती हव्या असतील, तर चाळीस-पन्नास जणांना विचारण्याची तयारी ठेवा. निरोप चार ओळींचा, मागणी वीस मिनिटांची, आणि 'आम्ही काही विकत नाही आहोत' हे पहिल्याच ओळीत. वर्गमित्र आणि नातेवाईक मोजायचे नाहीत.

अडकित्ता

हे सगळं ठीक, पण या शिक्षणाचा परिणाम तपासला तेव्हा काय दिसलं तेही धाग्यात यायला हवं. नेदरलँड्समध्ये ऊस्टरबेक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवण्याचा सक्तीचा कार्यक्रम तपासला होता. उद्योजकतेच्या कौशल्यांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही, आणि उद्योग सुरू करण्याची इच्छा उलट कमी झाली.

पाटीपेन्सिल

@अडकित्ता, बरं झालं तुम्ही हे काढलंत. पण त्या निकालातले दोन भाग वेगळे वाचायला हवेत. इच्छा कमी होणं हे नेहमीच अपयश नसतं. ज्याला हे काम मानवणारं नाही त्याला ते एका वर्षात, घर गहाण न टाकता कळलं, तर अभ्यासक्रमाने त्याचं भलंच केलं. कौशल्यांवर परिणाम दिसला नाही, हा भाग मात्र गंभीर आहे.

तिथे मला टोगोमधला प्रयोग आठवतो. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. विद्यापीठातला नव्हे, १५०० छोट्या व्यावसायिकांवरचा. एका गटाला हिशोब, विपणन वगैरे नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं : स्वतः संधी शोधणं, अडचणी आधीच ताडणं, अडलं तरी मार्ग काढत राहणं. दुसऱ्या गटाचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने झालेली ११ टक्क्यांची वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. म्हणून मी गुणांच्या विभागणीवर एवढा अडून बसतो. कोणत्या वागण्याची सवय लावली जाते, त्यावर सगळं आहे.

अडकित्ता

पटलं. मग प्रवेशाआधी आणखी एक विचारावं : मागच्या तीन वर्षांच्या गटांचं पुढे काय झालं? फक्त चालू कंपन्यांची नावं नकोत, बंद पडलेल्यांचीही कारणं सांगता आली पाहिजेत. ज्या विभागाला ती माहीत असतात, तिथे कुणीतरी विद्यार्थ्यांच्या मागे खरोखर उभं असतं.

ताळेबंद

आता आकडे. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात 'एकूण बाजारपेठ एवढी, त्यातला एक टक्का आम्ही घेतला तर' ही स्लाइड हमखास असते. तो एक टक्का कुठून, किती फोन केल्यावर, कुणाच्या हातून येणार याचा पत्ता नसतो. उलट्या बाजूने चला. एका नगापासून सुरू करा.

प्रश्नचिन्ह यांचंच यंत्र घेऊ. विक्री किंमत १०० धरा, चलन कुठलंही असो. सुटे भाग ३८. जोडणी ९. तपासणी आणि नापास नग ४. वेष्टन आणि पोहोचवणं ६. पैसे स्वीकारण्याचं शुल्क २. वॉरंटीत बदलून द्यावे लागणारे नग ३. बेरीज ६२, हाती उरले ३८. महिन्याचा बांधील खर्च, म्हणजे विक्री झाली नाही तरी करावाच लागणारा, ७६० असेल, तर महिन्याला २० नग विकले की तोंडमिळवणी होते. इथपर्यंत सगळे गट येतात आणि खूश होतात.

पण खरेदी विभाग अनोळखी विद्यार्थ्यांकडून थेट माल सहसा घेत नाही, नोंदणी झालेल्या वितरकाकडून घेतो. वितरकाने ३० घेतले की हाती उरतात ८. आता त्याच ७६० साठी ९५ नग लागतील. यंत्र तेच, किंमत तीच. विकायचा रस्ता बदलला आणि धंदाच वेगळा झाला. म्हणूनच 'माल कुणाकडून घेता?' हा प्रश्न मुलाखतीत असायला हवा.

दुसरी गफलत रोकडीची. नफा-तोटा मांडतात, पण पैसे कोणत्या तारखेला येणार-जाणार ते मांडत नाहीत. सुट्या भागांचे पैसे मागणीसोबतच द्यावे लागतात, भाग ३० दिवसांनी येतात. जोडणी आणि तपासणीला १५ दिवस. माल पोहोचल्यावर संस्था ६० दिवसांनी बिल चुकवते. म्हणजे पैसा गेल्यापासून परत यायला १०५ दिवस. भागांची मागणी किमान ५० नगांची असेल, तर १९०० तिथे अडकले. साडेतीन महिन्यांचा बांधील खर्च २६६०. पहिली कमाई हातात यायच्या आधी ४५६० लागणार, आणि जोडणी-पोहोचवणीचा खर्च त्यावर वेगळा. प्रत्येक नगावर नफा दिसत असतानाही खातं रिकामं होतं ते असं.

अभ्यासक्रमात हे कुणी मागितलं नाही तरी १३ आठवड्यांचा रोकड तक्ता स्वतः करा. आडवे आठवडे, उभं येणं आणि जाणं, तळाशी शिल्लक. दर सोमवारी खरे आकडे भरायचे आणि अंदाज कुठे चुकला ते शेजारी लिहायचं. चार सोमवारांत तुमच्या अंदाजाची खोड कळते. बहुतेकांची एकच असते : येणं लवकर धरायचं आणि जाणं उशिरा.

रानपाखरू

ताळेबंद, शंका आहे. आमच्या गटाचं उत्पादन सॉफ्टवेअर आहे, सुटे भागच नाहीत. मग एका नगाचा हिशोब कसा मांडायचा?

ताळेबंद

@रानपाखरू, नगाच्या जागी एक ग्राहक धरा. सर्व्हरचा खर्च, पैसे स्वीकारण्याचं शुल्क, आणि मुख्य म्हणजे मदतीला लागणारा वेळ. पहिल्या ग्राहकांना सुरू करून द्यायला तुम्ही प्रत्येकी सहा-सात तास देता आणि तो वेळ फुकट धरता. ताशी दर लावून बघा. मग एक ग्राहक मिळवायला आलेला एकूण खर्च भागिले त्याच्याकडून महिन्याला हाती उरणारी रक्कम. उदाहरणार्थ १२० खर्च करून महिन्याला १० उरत असतील, तर तो ग्राहक बाराव्या महिन्यात फिटतो. सरासरी ग्राहक आठव्या महिन्यात सोडून जात असेल, तर जितके जास्त ग्राहक तितका जास्त तोटा.

सुईदोरा

कल्पनेच्या मालकीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि इथे झालेली चूक दुरुस्त होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण मिळवा आणि पूर्ण वाचा. वर्गात सुचलेली गोष्ट विद्यार्थ्याची, असं अनेक ठिकाणी असतं, पण अपवादच जास्त कामाचे असतात. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पातून आलेलं काम, विद्यापीठाच्या पगारावर असताना केलेलं काम, विशेष उपकरणांचा मोठा वापर, गटात एखादा प्राध्यापक सहशोधक असणं. यातलं एक जरी लागू झालं तरी चित्र बदलतं. देशादेशांतही फरक आहे. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानंतर सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येते. स्वीडनमध्ये ती संशोधकाकडेच राहते, आणि चाल्मर्सच्या पद्धतीला ही गोष्ट पूरक ठरते.

दुसरं, पेटंट आणि जाहीर करणं. युरोपात अर्ज दाखल करण्याआधी शोध लोकांसमोर आला की नावीन्य संपतं, फार थोडे अपवाद आहेत. अमेरिकेत शोधकर्त्याने स्वतः जाहीर केल्यानंतर एक वर्षाची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहिलात तर बाकीचे देश हातचे जातात. अभ्यासक्रमात 'जाहीर करणं' कुठे कुठे होतं ते बघा : डेमो डेला प्रेक्षकांसमोरचं सादरीकरण, भिंतीवरचं पोस्टर, स्पर्धेच्या संकेतस्थळावरची चित्रफीत, ग्रंथालयाच्या ऑनलाइन भांडारात गेलेला प्रबंध. यंत्र काय करतं एवढंच दाखवा, कसं करतं ते गाळा. ते शक्य नसेल तर आधी अर्ज. पहिला अर्ज केल्यापासून १२ महिन्यांत दुसऱ्या देशांत किंवा पीसीटी (एकाच अर्जाने अनेक देशांसाठी सुरुवात करून देणारा आंतरराष्ट्रीय पेटंट करार) मार्गाने अर्ज करता येतो. पीसीटीत बहुतेक देशांसाठी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३० महिन्यांपर्यंत निर्णय लांबवता येतो. प्रबंधावर काही काळ प्रतिबंध ठेवता येतो का, हे तो जमा करण्याआधी विचारायचं.

स्पर्धांच्या अटीही नीट वाचा. 'सादर केलेल्या साहित्याच्या वापराचा हक्क आयोजकांना' अशी ओळ बारीक अक्षरात असू शकते.

खिळाहातोडा

सुईदोरा ताईंच्या प्रतिसादाला +१. त्याच माळेतला पुढचा मणी : भागीदारी.

वर्गात गट पाडले जातात, तिघांचा गट होतो, आणि उत्साहात हिस्सा सरळ तीन भागांत वाटला जातो. सत्र संपलं की एकाला नोकरी लागते, आणि काही न करता तो तिसऱ्या हिश्श्याचा मालक राहतो. पुढे पैसे घालणारा कुणीही हे बघून मागे फिरतो. यावर उपाय वेस्टिंग. चार वर्षांत दरमहा थोडा थोडा हिस्सा पक्का होतो, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. ३० टक्के ठरलेला माणूस दहाव्या महिन्यात गेला तर शून्य. अठराव्या महिन्यात गेला तर ४८ पैकी १८ महिने, म्हणजे ठरलेल्यापैकी ३७.५ टक्के, कंपनीच्या ११.२५ टक्के.

कंपनी नोंदवायच्या आधी एका पानावर लिहून काढा : सत्र संपल्यावर कोण आठवड्याला किती तास देणार, कोण किती महिने बिनपगारी राहू शकतो, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि कोणत्या परिस्थितीत आपण हे बंद करू. हे बोलणं अवघड जातं, म्हणून लोक टाळतात. पण त्या एका संध्याकाळीच फुटणारा गट तेव्हाच फुटलेला बरा.

गट निवडायची मोकळीक असेल तर आपल्यासारखेच तिघे घेऊ नका. बनवणारा एक, आणि अनोळखी माणसाला फोन करताना न अडखळणारा एक, एवढं तरी हवंच.

रानपाखरू

आणि मार्गदर्शक परस्परविरोधी सांगतात त्याचं काय करायचं? एक म्हणतो किंमत दुप्पट करा, दुसरा म्हणतो आधी फुकट वाटा.

प्रश्नचिन्ह

@रानपाखरू, दोघांनाही 'हे कोणत्या प्रकारच्या ग्राहकाबद्दल?' असं विचारा. बहुतेक वेळा दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळा धंदा असतो. मग सल्ला चाचणीच्या रूपात लिहा. पुढच्या दहा जणांपैकी पाच जणांना एक किंमत, पाच जणांना दुप्पट. दुप्पट किंमत ऐकणाऱ्यांपैकी किमान दोघांनी आगाऊ रक्कम दिली तर तीच ठेवायची. 'किमान दोघे' हा आकडा ग्राहकांशी बोलण्याआधी ठरवून लिहायचा, नंतर नाही. दहा जणांवरून सिद्ध काही होत नाही, पण सत्राच्या वेळात पुढचं पाऊल ठरवायला एवढं पुरतं. निर्णयांची एक वेगळी वही ठेवा : तारीख, काय ठरलं, कशाच्या आधारावर, काय दिसलं तर बदलू. परीक्षकांना हीच वही दाखवा. अभ्यासक्रमात चिंतन-अहवाल मागतात तोही यातूनच निघतो, वेगळा रचावा लागत नाही.

खिळाहातोडा

एक राहिलं. सत्र संपता संपता गट ज्यात हमखास अडकतात असं सांगतो. आरेखनाच्या आणि इतर सॉफ्टवेअरचा विद्यार्थी परवाना व्यावसायिक कामासाठी सहसा चालत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये तर विद्यार्थी आवृत्तीत केलेली फाइल तशी ओळखताही येते. विक्रीचा पहिला नग बनवण्याआधी परवाना बदला, किंवा सुरुवातीपासूनच मुक्त सॉफ्टवेअर वापरा. विद्यापीठाच्या ईमेलवर काढलेली खाती पदवीनंतर केव्हा बंद होतात ते आत्ताच विचारा. सर्व्हर, कोड, ग्राहकांची यादी, सगळं त्या पत्त्याला बांधलेलं असतं. डोमेन कुणा एकाच्या नावावर घेतलं असेल तर ते गटाचं आहे असं दोन ओळींत लिहून सह्या करा. आणि प्रयोगशाळेतून नमुन्यासाठी घेतलेले भाग कुठले, ते परत द्यायचे आहेत की विकत घ्यायचे, याची यादी विभागाकडून मंजूर करून घ्या. हे सगळं शेवटच्या सादरीकरणाच्या निदान तीन आठवडे आधी. त्यानंतर कुणी भेटत नाही.

रानपाखरू

ईमेलचं आत्ताच बघितलं. आमची सगळी खाती त्याच पत्त्यावर आहेत. आजपासून हलवायला घेतो. धन्यवाद.